उणे पन्नासचे काका

पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं, की शेजारी येऊन हात मागे बांधून उभे राहणारे काका मुंबईच्या उपनगरांत प्रत्येक सोसायटीत असतात. मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात त्यांची पैदास विशेष. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यात मेंटेनन्सला उभी हयात घालवलेला माणूस कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहिला तरी मेंटेनन्स सोडत नाही. बहुतेकांचा विषय ऑइल असतो, काहींचा टायरमधली हवा. यातली सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत चिवट जात म्हणजे अँटिफ्रीझवाले काका.

ही जात इथल्या हवेत आपोआप तयार होत नाही. मुलगा मिशिगनमध्ये, मुलाकडे बोट आणि व्हिजिटर व्हिसावरचा मुक्काम ऑक्टोबरपर्यंत लांबलेला, असा तिहेरी योग जुळून यावा लागतो. त्यातही बोट जेटची हवी. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोटीतून जोरात फेकायचं, एवढंच तिचं चालणं. उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांतून जाता यावं म्हणून न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र रुळवलं. अशा बऱ्याच बोटींत त्याच पाण्यातला थोडा भाग इंजिन थंड करायला वळवलेला असतो, आणि मेख तिथेच आहे. हंगाम संपला तरी हे पाणी ब्लॉकच्या पोकळ्यांत साचून राहतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये विसरलेल्या भरल्या बाटलीचं जे होतं, तेच मग बिडाच्या ब्लॉकचं होतं.

म्हणून थंडीआधी ब्लॉकचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग उघडून पाणी काढतात. भोकात गाळ बसला असेल तर धार मध्येच थांबते आणि पाणी संपलं असं वाटतं; तिथे तार घालून बघावं लागतं. मग इंजिनात गुलाबी द्रव खेळवतात, मागून गुलाबी धार येईपर्यंत. हा द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. गाडीत वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी, आणि बर्फ वितळल्यावर हे सगळं शेवटी तळ्यातच जाणार. या समारंभात मुलगा पाना चालवतो, सून फोटो काढते. तार काकांच्या हातात असते.

त्या गुलाबी कॅनवर उणे ५० असा आकडा छापलेला असतो. तो फॅरनहाइटचा, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे ४५ च्या जरा पलीकडचा. आणि तोही पाइप न फुटण्याचा, द्रव स्वतः त्याच्या कितीतरी आधी घट्ट व्हायला लागतो. पण फॅरनहाइट हा शब्द विमानातच राहतो. मुंबईत उतरतात ते नुसते उणे पन्नास.

सांताक्रूझला नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं. हे काकांना सांगून उपयोग नाही, त्यांना ते तारखेसकट पाठ असतं. “पण समजा,” ते म्हणतात, आणि पुढे उणे पन्नास येतं. सोसायटीचा पंप बंद पडला, उणे पन्नास. वार्षिक सभेत गच्चीच्या लीकेजचा विषय निघाला, तरी दुसऱ्या मिनिटाला उणे पन्नास, आणि पुरावा म्हणून रिकामा गुलाबी कॅन टेबलावर. वॉचमनची स्कूटर हवेवर थंड होते, तिच्यात पाणीच नसतं, हे कळल्यावर काका काही दिवस तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. मुलुंडमध्ये पारा अठरावर उतरला आणि लोकांनी डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारे स्वेटर बाहेर काढले, की हे अर्ध्या बाहीच्या शर्टात खाली हजर. मिशिगनच्या मुक्कामात प्रत्यक्षात चारच्या खाली उतरलं नव्हतं आणि तेव्हा हे गोधडीतून निघत नव्हते, ही माहिती काकू आतल्या खोलीतून पुरवतात.

घाटकोपरहून वर्सोव्याला मेट्रो २०१४ साली सुरू झाली आणि काकांच्या कार्यक्षेत्रात समुद्र आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्या काळात कोळीवाड्यात बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, इंजिनं ताडपत्रीखाली गेलेली असतात. जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्याने उणे पन्नास पूर्ण ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हटलं, “काका, आमच्याकडं बर्फ मासळीवर पडतो.” काका अर्धा मिनिट गप्प होते, सोसायटीच्या इतिहासात याची नोंद नाही. नंतर दोघांचं खाऱ्या पाण्याने पडणाऱ्या गंजावर बराच वेळ छान जमलं.

काकांचं म्हणणं मुळात खोटं नसतं, हाच त्यांचा खरा जाच आहे. मुंबईत कूलंट थंडीसाठी नसतं, उकळण्याविरुद्ध आणि गंजाविरुद्ध असतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण शंभराच्या वर, १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. नाक्यावरचा पोऱ्या कुठल्याही बाटलीतून नळाचं पाणी ओततो, त्याने रेडिएटर आतून खाल्ला जातो आणि गाडी नेमकी कसारा घाटात वाफ सोडते. उलट नुसतं ग्लायकॉल ओतणंही शहाणपणाचं नाही. ते उणे १३ लाच गोठतं, निम्मं पाणी मिसळलं की उणे ३७ पर्यंत तग धरतं. हे काका वहीत आलेख काढून समजावतात, लिफ्ट धरून ठेवून.

मुलाने ती बोट मागेच विकली आहे. काका हे कुणाला सांगत नाहीत, काकूंनी सगळ्यांना सांगितलं आहे. तरी ऑक्टोबर लागला की पहाटे मिशिगनला फोन जातो आणि पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. मुलगाही “काढलं, बाबा” म्हणतो.

राहता राहिला पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हापासून पार्किंगमध्ये शिरणारं पाणी ही उपनगरांत कल्पना उरलेली नाही. अशा रात्री काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीच्या काचेवर थापा मारत फिरतात: “चावी फिरवू नका!” पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. काका बॅटरीची निगेटिव्ह तार स्वतः काढून देतात, उजाडल्यावर टोईंगवाल्याशी भावही करतात. त्या रात्री उणे पन्नासचा उच्चार एकदाही होत नाही.

अशा गृहस्थाला सोसायटीच्या कमिटीवर मुळीच घेऊ नये. त्यांचा नंबर मात्र जूनच्या आत सेव्ह करून ठेवावा.