टेंपररी अण्णा

अण्णांच्या खालच्या दाढेला कीड लागली, ही बातमी सोसायटीत कुणी सहानुभूतीने ऐकली नाही. ज्या माणसाने मिक्सर घ्यायला दोन दिवाळ्या घालवल्या, तो आता दाढेत काय भरायचं ते ठरवणार आणि आपल्याला ते ऐकून घ्यावं लागणार, एवढंच सगळ्यांच्या लक्षात आलं.

दाताच्या डॉक्टर वयाने लहान. "काका, खड्डा फार खोल नाही, आजच भरून टाकू," म्हणाल्या. दुसरा कुणी आ करून मोकळा झाला असता. अण्णांनी डायरी काढली. "पर्याय काय काय आहेत?" बाईंनी सरळ मनाने सगळे सांगितले. नवीन होत्या बिचाऱ्या.

पहिल्यांदा अण्णांचा कल चांदीकडे होता. त्यांच्या वडिलांच्या दाढेतली चांदी शेवटपर्यंत हलली नव्हती. पण नाव चांदीचं असलं, तरी निम्मं वजन पाऱ्याचं असतं, हे कळल्यावर त्यांची झोप उडाली. जपानमधल्या मिनामाता गावात पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन माणसं कशी लुळी पडली, हे त्यांनी काकूंना सांगितलं, तेही नेमकं पापलेट पानात पडल्यावर. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याला आळा घालणारा करार झाला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातातली ही चांदी जवळजवळ बंदच केली. चांदी बाद! मग संध्याकाळी कट्ट्यावर नवी माहिती आली. अमेरिकेत १८४५च्या सुमारास दंतवैद्यांच्या संस्थेने सभासदांकडून चांदी न वापरण्याची शपथ घेतली होती. पुढे सभासद गळत गेले आणि १८५६ साली संस्थाच मोडली. "म्हणजे बघा, विरोधकच बुडाले!" चांदी पुन्हा यादीत.

मग दाताच्या रंगाचं कॉंपोझिट. ते थराथराने भरतात आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. लाळेचा थेंब लागला की पकड बिघडते. अण्णांना पटलं; फक्त रंग पाहायचा होता. डॉक्टरांकडची नमुन्याच्या दातांची पट्टी घेऊन ते खिडकीपाशी गेले. एक-एक दात गालाला लावून उन्हात पाहिला, ट्यूबखाली पाहिला, 'ए-टू' आणि 'ए-थ्री'च्या मधलं काही मिळेल का विचारलं. "मागच्या दाढेचा रंग कोण बघणार आहे?" काकू म्हणाल्या. "मी," अण्णा म्हणाले. बाहेर बाकावर एक मुलगा गाल धरून रडत होता.

काचेच्या भुकटीचं सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर, दाताला आपणहून चिकटतं, वर फ्लोराइडही सोडतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल अण्णांना आदर आहे. पण चावण्याच्या जागी ते लवकर झिजतं म्हटल्यावर चकलीचा प्रश्न उभा राहिला. सोन्याची चौकशी त्यांनी केली, पण काकूंनी नुसतं पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला. शेवटी, "डॉक्टर, तुमच्या स्वतःच्या दाढेत काय भरलंय?" असं विचारून त्यांनी खिशातला टॉर्च काढला. बाईंनी त्या दिवशी झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या अर्काचं टेंपररी सिमेंट भरून त्यांना घरी पाठवलं. "ठरलं की या."

तेव्हापासून अण्णा खूश आहेत. दाढ ठणकत नाही, तोंडाला मसालेभाताचा वास येतो आणि काहीच ठरवलेलं नसल्याने काहीच चुकलेलं नाही. शिवाय एक नवीन मुद्दा हाती लागलाय: खड्ड्यात लवंगेचा अंश राहिला तर वरचं कॉंपोझिट नीट घट्ट होत नाही म्हणे. तेव्हा घाई नको.

मध्ये टेंपररीचा कोपरा उडाला, आत शेंगदाणा अडकला, कीड खाली नसेपर्यंत गेली. डॉक्टर गंभीर होऊन म्हणाल्या, "काका, आता नुसतं भरून भागणार नाही. रूट कॅनाल, आणि वर कॅप."

अण्णा खुर्चीत उठून बसले. "कॅपमध्ये किती प्रकार येतात?"