अजी, त्यांच्या घरी ट्रिगर आणला म्हणे!

अजी, ऐकलं काय? नागपुरात, धरमपेठेत म्हणे लोक आता घरात समुद्र पाळून राहिले! समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, तो अख्खा संपला तरी लाट दिसत नाही, अशा गावात दिवाणखान्यात खारं पाणी! तेही स्वयंपाकघरातल्या मिठाचं नाही, बरं का. आरओच्या पाण्यात खास मरीन सॉल्ट कालवायचं, लिटरमागे साधारण 35 ग्रॅम. मग पाण्यात उपकारक जिवाणू वाढेपर्यंत काही आठवडे रिकाम्या टँककडे टक लावून बसायचं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की घरची माणसं कूलरमध्ये बादल्या ओतत घामाघूम, आणि मासे मात्र चिलर लावून 26 अंशांवर गारेगार. आजोबांनी एसीचं नाव काढलं की लगेच विजेचं बिल आठवतं!

बरं, मासे तरी साधे आणावेत. गप्पी आणि गोल्डफिशला कुत्रं विचारत नाही. हवा तो गुंड. ट्रिगर हवा, लायनफिश हवा, फुगून दाखवणारा पफर हवा. मग खलबतं सुरू: याच्यासोबत नांदेल कोण? दर हिवाळी अधिवेशनात एकमेकांचे वैरी एका सभागृहात बसलेले पाहणारं शहर आपलं, म्हणून एवढी हिंमत होत असेल बाप्पा!

गरीब मासा गुंडाजवळ सोडला की सकाळी त्याची शेपटी गायब. म्हणून गुंडाला सोबत गुंडाचीच, पण अंगलट वेगळी हवी. आकार आणि रंग आपल्यासारखा दिसला की हा समजतो, आला जागेला वाटेकरी! टँग माशाच्या शेपटीच्या बुडाशी तर धारदार पातं असतं. दोन टँग भिडले की विचारू नका. लायनफिशचे काटे विषारी, आणि तोंडात मावेल ते त्याचं जेवण. एवढा दादा, पण त्याचीही झालर ट्रिगर कुरतडतो. झिंगे-खेकडे ट्रिगरसमोर सोडणं म्हणजे पान वाढणंच.

आणि ती बोटभर निळी डॅमसेल! स्वस्त, काटक, म्हणून हौशी लोक तिलाच आधी आणतात. मग काय, अख्खा टँक तिच्या बापाचा. म्हणून जाणते सांगतात, शांत मासे आधी, तापट शेवटी. नवा आणायचाच तर आतले दगड हलवून मांडायचे, म्हणजे जुन्यांचे कब्जे मोडतात. वर दिवे मालवून त्याला गुपचूप आत सोडायचं. चोरी करून राहिले की मासे पाळून?

क्लाउनफिशचं तर बोलूच नका. पोरं 'निमो, निमो' करत हट्ट धरतात, पण त्या घराण्याचे चाळे त्यांना कोण सांगणार? जन्मतः सगळे नर. त्यातला सगळ्यात दांडगा मादी होतो, आणि ती मेली की नवरोबाच मादी! सगळं पाहुण्यांदेखत! त्यातली मरून जातीची मादी इतकी खाष्ट, की आपल्याच जातीची दुसरी जोडी टँकमध्ये टिकू देत नाही.

कोणी कोणी हळूच सी-हॉर्स आणि जिवंत प्रवाळाचीही चौकशी करतात म्हणे. अहो, 2001 पासून दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मासा टँकमध्ये आणि मालक कोठडीत, असं व्हायचं!

पण खरा कहर अंड्युलेट ट्रिगरचा. अंगभर नारिंगी रेघा, त्यावर संत्र्याच्या गावचा माणूस भाळणारच. त्याला टँकमेट कोण? जाणत्यांचं उत्तर एकच: कोणी नाही. म्हणजे त्याला वेगळा टँक. झालर कुरतडलेल्या लायनफिशला दुसरा. त्या खाष्ट मादीला तिसरा. सोफा गॅलरीत, दिवाण जिन्याखाली, आजोबा देवघरात. भांडणं माशांची, वाटण्या घराच्या!