आठ जीबीची पंगत

लिनक्सला नाही म्हणता येत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने दोन जीबी मेमरी मागितली की तो ‘घे की’ म्हणून मोकळा होतो. पानं प्रत्यक्ष वाढायची वेळ येईल तेव्हा बघू. मागणी अगदीच अचाट असेल तरच नकार. याला ओव्हरकमिट म्हणतात, आणि आमच्या सोलापुरात लग्नं याच तत्त्वावर पार पडतात. पत्रिका बाराशे वाटायच्या, स्वयंपाक सातशेचा सांगायचा. सगळे थोडेच येतात? बहुतेक वेळा येतही नाहीत. पण एखाद्या मुहूर्ताला सगळे येतात. मग एक काका भटारखान्यातून बाहेर येतात, पंगतीवर नजर फिरवतात आणि सर्वांत जास्त जागा अडवून बसलेल्याला उठवतात. लिनक्समधल्या या काकांचं नाव ओओएम किलर. ते नुसतं उठवत नाहीत, जीवच घेतात.

मामांच्या टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हर बसवायला गेलो तेव्हा या काकांची आणि माझी ओळख नव्हती. कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, ऑफिस मागांच्या शेडला चिकटून. खडखडाट इतका की तिथली सगळी माणसं फोनवर भांडल्यासारखीच बोलतात. तीन जुने कॉम्प्युटर होते : एकावर हिशेब, दुसऱ्यावर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, तिसऱ्यावर डिझाइनच्या फायली. मी म्हणालो, तिन्ही भंगारात काढा. चपातीच्या डब्याएवढ्या एका यंत्रात तिन्ही बसवून देतो. व्हर्च्युअल मशीन!

“आणि ते एकच बंद पडलं तर?” मामांनी विचारलं.

या प्रश्नावर मी हसलो होतो. दिवाणजी मात्र हसले नाहीत. त्यांनी गुपचूप टेबलाखालची लाल वही बाहेर काढली आणि त्या दिवसापासून हिशेब दोन्हीकडे ठेवू लागले. मला तो माझा अपमान वाटला.

यंत्रात मेमरी आठ जीबी. हिशेबाच्या विंडोजला चार, कॅमेऱ्यांना दोन, फायलींना दोन. बेरीज अचूक होती. ज्याच्या अंगावर ही तिन्ही बिऱ्हाडं बसायची त्या प्रॉक्समॉक्स नावाच्या लिनक्सलाही काही लागतं, हे त्या बेरजेत कुठेच नव्हतं. त्याची माहितीपुस्तिका सांगते की पाहुण्यांचं सोडून यजमानाला स्वतःसाठी दोन जीबी ठेवा. झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणार असाल तर साठवणीच्या दर टेराबाइटमागे आणखी एक. पुस्तिका मी नंतर वाचली. झेडएफएस मात्र आधीच घेतलं होतं, कारण एका व्हिडिओत एक गंभीर चेहऱ्याचा माणूस म्हणाला होता की जाणकार लोक हेच वापरतात.

काही दिवस बरे गेले. मग २० तारीख आली, म्हणजे जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची शेवटची तारीख, आणि दिवाणजींच्या पडद्यावरून विंडोज नाहीसं झालं. निळा पडदा नाही, सूचना नाही, काही नाही.

“काय बे, परत गचकलं का?” मामा दारातून ओरडले. ‘परत’ हा शब्द अन्यायाचा होता. पहिलीच वेळ होती. तासाभरात तो खरा ठरला.

यजमानाच्या नोंदी उघडल्या तर स्वच्छ लिहिलेलं : आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, केव्हीएम. आपल्याला जो अख्खा विंडोज दिसतो तो यजमानाच्या लेखी एकच प्रोसेस असतो, आणि सगळ्यांत जाड तोच. त्यात विंडोज सुरू होताना आपल्या वाट्याची सगळी पानं शून्यांनी पुसून घेतो, त्यामुळे चार जीबीचा नुसता शब्द देऊन भागत नाही, खरोखर चार द्यावे लागतात. यावर उपाय आहे, तो फुग्याचा. पाहुण्याच्या आत एक ड्रायव्हर फुगतो, पाहुण्याला वाटतं मेमरी संपली, आणि फुग्याखालची पानं यजमानाकडे परत जातात. व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्ड्‌स्पर्गर यांनी २००२ सालच्या निबंधात ही युक्ती मांडली होती. मी तर प्रॉक्समॉक्समध्ये फुग्यापुढे टिचकी मारूनच ठेवली होती! फक्त विंडोजच्या आत तो ड्रायव्हर बसवायचा राहिला होता. फुगा होता, फुगवणारं कोणी नव्हतं.

ड्रायव्हर बसवायचा तर विंडोज दोन मिनिटं तरी जिवंत राहायला हवा. म्हणून मी त्याला अभय दिलं. ओओएम स्कोअर अॅडजस्ट नावाची एक संख्या असते; ती उणे हजार केली की काका तिकडे बघतही नाहीत. त्यांनी मग कॅमेरे उठवले. कॅमेऱ्यांना अभय दिलं, फायली गेल्या. फायलींनाही दिलं, तेव्हा पंगतीत मोठं कोणी उरलंच नाही आणि काका किरकोळ मंडळींकडे वळले. मी ज्या खिडकीतून हे सगळं बघत होतो ती खिडकीच बंद झाली.

नवी पेठेत जाऊन रॅमची पट्टी आणली. मे महिना, दुपार, स्कूटरची सीट तव्यासारखी. या यंत्राला लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. मी आणली होती डेस्कटॉपची, लांब. मामांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, “कापून बसत नाही का?” ते चेष्टा करत होते की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

शेवटी वैतागून तिन्ही मशीन बंद केली. पाहुणा एकही नाही, तरी वापरात जवळपास पाच जीबी! प्रोसेसच्या यादीत सगळ्यांची बेरीज एक जीबीसुद्धा होईना. उरलेली मेमरी झेडएफएसच्या एआरसीने धरून ठेवली होती. डिस्कवरून वाचलेलं पुन्हा लागेल म्हणून तो ते मेमरीत ठेवतो, आणि माझ्या त्या जुन्या आवृत्तीत त्याची मर्यादा अर्धी मेमरी होती. मागितलं की तो सोडतो, पण सावकाश. तोवर काकांचं काम उरकलेलं असतं. आणि ही मेमरी कॅशच्या रकान्यात दिसत नाही, ‘वापरात’च्या रकान्यात दिसते. गंभीर चेहऱ्याच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं.

मर्यादा एक जीबीवर आणली. फाइलमध्ये १०७३७४१८२४ हा आकडा बोटाने मोजून लिहिला. यंत्र बंद करून चालू केलं. काही फरक नाही. रूटच झेडएफएसवर असेल तर इनिट्रॅमएफएस नव्याने बनवावं लागतं, त्याशिवाय ती फाइल कोणी बघत नाही. तेही केलं. विंडोजचे चार जीबी तीनवर आणले, ड्रायव्हर बसवला आणि तिन्ही मशीन एकदम सुरू केली. चालली! अंधार पडला होता, मागांवर रात्रपाळी आली होती.

“दिवाणजी, या! भरा रिटर्न!” मी खडखडाटावर आवाज चढवून ओरडलो.

“दादा, ते दुपारीच भरलं,” दिवाणजी वही टेबलाखाली सारत म्हणाले. “शेजारच्या कारखान्यात बसून. त्यांचा कॉम्प्युटर आहे ना जुना, चार जीबीचा. त्यावर ते पत्ते खेळतात.”