हंगामी वाचक

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीकडचा वाचक सरकारी दिनदर्शिकेला जुमानत नाही. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, तेव्हा हा हलक्या धानाच्या कापणीला माणसे जुळवत हिंडतो. 23 एप्रिलला जग पुस्तक दिन साजरा करते, तेव्हा अंगणात मोहफुले वाळत असतात आणि त्याचे चित्त तेंदूपत्त्याकडे लागलेले असते. 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या जयंतीनिमित्त ग्रंथालयात तसबिरीला हार पडतो. हा मात्र रोवणी उरकायच्या घाईत बांधीतल्या चिखलात उभा. मग पाहुणे वाचनसंस्कृती लोपल्याचे जाहीर करतात, चहा घेतात आणि तुमसरची गाडी पकडतात. लोपलेले काही नाही. निमंत्रणाची तारीख तेवढी चुकलेली असते.

धान चुरून झाले, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा पार पडली, की हा वाचक आपणहून उगवतो. नव्या पुस्तकांच्या रॅकपुढची त्याची तऱ्हा बघण्यासारखी असते. आधी हात पॅन्टला पुसतो. व्यापारी धानाचा दाणा दाताखाली धरून ओल जोखतो, तसे तो पुस्तक मधूनच उघडून चार ओळी चाखतो. किंमत बघतो आणि तेवढ्यात युरिया किती आला असता याचा हिशेब मनात उरकतो. शेवटी तारखेची चिठ्ठी काढतो. ती कोरी दिसली की त्याचा विश्वास उडतो : "कोनं नेलंच नाही का जी? मंग कसं असन?" दहा नवी पुस्तके हाताळून तो घरी नेतो ती शिक्क्यांनी भरलेली जुनी कादंबरीच. पण नेलेली वाचतो. पानावरचा हळदीचा डाग त्याची साक्ष देतो. समारंभाला आलेल्या किती जणांबद्दल असे म्हणता येईल?

यावर शहाणे म्हणतील, वाचन ही रोजची सवय हवी, सणाचे पक्वान्न नव्हे. मान्य. पण मग हा नियम शहरालाही लावा. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी साहित्य स्वतःच दिवाळीचा मुहूर्त धरून बसले आहे. भंडाऱ्यातल्या महाविद्यालयांचेच घ्या. तिथला विद्यार्थी ग्रंथालयात कधी दिसतो? परीक्षेचे वेळापत्रक लागल्यावर, आणि मागतो प्रश्नसंच. त्याला कोणी हंगामी म्हणत नाही, अभ्यासू म्हणतात. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना मात्र प्रेक्षक बरोबर कळला. रोवणीत पडदा उघडायचा नाही, हे त्यांना कोणत्याही परिपत्रकाशिवाय ठाऊक आहे. ते दिवाळीनंतर निघतात आणि लोक तिकीट काढून रात्रभर बसतात. तोच माणूस, तीच मराठी.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतला कामगार बाराही महिने पाळीवर जातो. त्याला कुठला हंगाम? त्याचा हंगाम चोवीस तासांत फिरतो, इतकेच. पाळी सुटली की त्याला वेळ असतो, पण तेव्हा ग्रंथालयाचे दार उघडे असेलच असे नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांनी 1931 मध्येच आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले. आपण त्यांच्या तसबिरीला हार घातला आणि वाचकाचा वेळ विचारायचा राहूनच गेला.

नवी पुस्तके बहुधा मार्चअखेर येतात, कारण अनुदान तोवर खर्ची टाकायचे असते. ती रॅकवर पोचेपर्यंत गाव मोहाखाली वाकलेले. तेव्हा ग्रंथपालांना विनंती एवढीच : खरेदी हवी तेव्हा करा, पण नव्या पुस्तकांची यादी मंडईच्या आदल्या दिवशी चौकात लावा. आणि जमल्यास त्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर दोन-दोन शिक्के आधीच मारून ठेवा.