वेळापत्रककार साहेबांस, साष्टांग नमस्कार

माननीय वेळापत्रककार साहेब,

आपलं खरं नाव पालकांना कधी कळलंच नाही. परिपत्रकाखाली नुसतं ‘आदेशावरून’ असायचं, म्हणून ही पदवी आम्हीच आपल्याला बहाल केली. गोड मानून घ्यावी.

जून 2020 मध्ये आपली शाळा आमच्या घरी राहायला आली. आगाऊ न कळवता आलेल्या पाहुणीसारखी आली, तरी आम्ही पलंग रिकामा करून दिला. डोंबिवलीतलं वन रूम किचन, माणसं पाच आणि मोबाइल दोन. त्यातला एक आमच्या यांच्या ऑफिसच्या मीटिंगांना बांधलेला. तिसरीतल्या मुलीसाठी आपण सकाळी 8 ते दुपारी 1 असा बेत आखलात. मधली सुट्टी दहा मिनिटांची. तेवढ्यात तिने डबा खायचा होता. कोणता डबा, हे मात्र आपण कळवलं नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारच्या ऑनलाइन वर्गांसाठीच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या. पहिली ते आठवीला दिवसात 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं, नववी ते बारावीला फार तर चार. म्हणजे तिसरीच्या मुलीला जास्तीत जास्त दीड तास. आपला चष्मा बहुधा शाळेतच राहिला असावा. ही मर्यादा आपल्याला थोडीफार पाळायला लावली ती झूमच्या चिक्कूपणाने. फुकटच्या खात्यावर 40 मिनिटं झाली की वर्ग आपोआप बंद पडायचा आणि आमची कन्या आनंदाने उडी मारायची. त्यावरही आपण उपाय काढलात. लगेच दुसरी लिंक!

राज्याने अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी केला, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत आपण ‘फन अ‍ॅक्टिव्हिटी’ कोंबल्या. बाहेर टाळेबंदी, दूध आणायला जायचं तरी पोलिसांची धास्ती, आणि आपल्याला हवा होता पाच रंगांचा घोटीव कागद.

या सगळ्यात माझी मात्र चांगलीच बढती झाली. शिपाई, मॉनिटर, तंत्रज्ञ आणि परीक्षेतली पर्यवेक्षक, सगळं बिनपगारी. एका हाताने फोडणी, दुसऱ्या हाताने अनम्यूट. आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या अख्ख्या वर्गाने मोजल्या. ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नातच निम्मा तास जायचा, पण हजेरी चोख. कॅमेरा बंद दिसला की गैरहजर. तिच्या वर्गातला एक मुलगा नेहमी कॅमेरा छताकडे वळवून बसायचा. बाईंनी त्याला चारचौघांत झापलं. त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती आणि ते दिवसभर त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. हे आम्हाला त्याच्या आईकडून कळलं. आपल्याकडे त्याच्या हजेरीचे टक्के तेवढे होते.

बाईंना मी दोष देत नाही. पगार अर्धा, मांडीवर स्वतःचं रडणारं मूल आणि डोक्यावर आपण.

सासऱ्यांना कोविड सेंटरला नेलं त्या दुपारी मी शाळेला कळवलं की आज मुलगी वर्गाला बसणार नाही. उत्तर तत्परतेने आलं: ‘सुलेखनाचा फोटो संध्याकाळी सहापर्यंत टाकावा.’ घरातले बाकीचे कसे आहेत, ही विचारपूस बहुधा अभ्यासक्रमातून वगळलेल्या 25 टक्क्यांत गेली असावी. मुलगी त्या रात्री जेवली नाही. सुलेखन मात्र केलं, कारण ‘नाहीतर मला गैरहजर लावतील’.

आपण म्हणाल, परिस्थितीच तशी होती. परिस्थिती जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही तीच होती. तिथे ना रेंज, ना स्मार्टफोन, म्हणून काही कार्यकर्त्यांनी भोंग्यावरून धडे ऐकवले. राज्यात कितीतरी ठिकाणी जिल्हा परिषदेचे गुरुजी तोंडाला रुमाल बांधून वस्तीवर गेले, पारावर चार-चार मुलं लांब-लांब बसवून शिकवलं आणि जाता जाता आजीचा खोकलाही विचारून आले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. एक टीव्ही असला की अख्खं घर बघू शकायचं आणि हजेरी कोणी घेत नसे. 2020 च्या ‘असर’ शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे 62 टक्क्यांच्याच घरी स्मार्टफोन आढळला. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न त्या गुरुजींना पडला होता. आपल्याला तो पडायचं कारण नव्हतं. आपल्याकडचा मोबाइल नसलेला मुलगा पटावर नुसता लाल रंगात दिसायचा.

एक गोष्ट मात्र आपण कधीच ऑनलाइनवर सोडली नाहीत. फीची आठवण थेट फोन करून यायची, तीही नम्र आवाजात, माझं नाव घेऊन.

हे सगळं आत्ता का उकरून काढते आहे? परवा पावसाचा रेड अलर्ट आला, प्रशासनाने सुट्टी जाहीर केली आणि तासाभरात आपली लिंक आली. सकाळी 8 ते दुपारी 1. कॅमेरा चालू ठेवावा. खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या घरात तेव्हा घोटाभर पाणी होतं.

तेव्हा साहेब, एवढीच विनंती. पुढच्या वेळी लिंक पाठवण्याआधी एकेका घरी फोन करा आणि विचारा, सगळे बरे आहात ना? सगळ्यांचे नंबर फीच्या रजिस्टरमध्ये आहेतच.

आपली,
एक बिनपगारी पर्यवेक्षक