इथरनेटचा मुचलका

इथरनेट हे मूळचेच मोठे बेफिकीर प्रकरण आहे. 1973 साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याची कल्पना कागदावर उतरवली, तेव्हापासून जागा असली तर माल पोचवावा, नसली तर वाटेत टाकून द्यावा, आणि टाकलेल्या मालाची चौकशी वरच्या दप्तराने करावी, हाच त्याचा शिरस्ता. याउलट डिस्कांच्या दुनियेतले फायबर चॅनेल इतके कर्मठ, की पलीकडे जागा रिकामी असल्याचे क्रेडिट हाती पडल्याखेरीज ते एक फ्रेमसुद्धा पुढे सरकू देत नाही. या दोघांना एकाच केबलवर नांदवून खर्च वाचवावा, असे ज्या कोणा काटकसरी मंडळींच्या मनात आले त्यांनी एफसीओई निर्माण केले. आणि स्टोरेजचा माल यापुढे वाटेत टाकणार नाही, असा जो मुचलका त्यापायी इथरनेटकडून लिहून घेण्यात आला, त्यालाच डेटा सेंटर ब्रिजिंग म्हणतात.

मुचलक्यातले पहिले कलम थांबण्याचे. पूर्वी, म्हणजे 1997 च्या कायद्यान्वये, पलीकडचा पोर्ट ‘थांबा’ म्हणाला की अख्खी वाहतूक मुकाट उभी राही. आता वाहतुकीचे शून्यापासून सातपर्यंत आठ वर्ग पाडले असून, ज्या वर्गाला थांबवायचे त्यालाच थांबवता येते. स्टोरेजला बहुधा तीन क्रमांकाचा वर्ग मिळतो. हे कलम लागू झाले की नाही ते पाहायला नवशिका मनुष्य जातो, तेव्हा काही स्विचांच्या पडद्यावर त्या रकान्यात ‘ऑन’पुढे कंसात आठाचा आकडा झळकतो, आणि आपण तर तीन लिहिले होते, या विवंचनेत त्याचा चहा निवतो. स्विच द्विमान पद्धतीने मोजतो, व तीन क्रमांकाच्या बिटाची किंमत तेथे आठ असते, हे त्याला सांगणारा वडीलधारा त्या वेळी हमखास रजेवर असतो.

दुसरे कलम हिश्श्यांचे. कोणत्या वर्गाला तारेचा किती टक्के वाटा, हे ठरवून बेरीज बरोबर शंभर आणावी लागते. त्यासाठी आमच्याकडे बैठक भरली, आणि स्टोरेजवाले, बॅकअपवाले व नेटवर्कवाले यांच्या मागण्यांची बेरीज शंभराची शीव ओलांडून बरीच पुढे गेली. वस्तुतः हा वाटा तार तुडुंब भरली तरच लागू होतो, एरवी ज्याचा हिस्सा रिकामा पडेल तो दुसऱ्याने खुशाल वापरावा अशी मुभा आहे, हे मी नम्रपणे निवेदन करून पाहिले. परंतु तंटा तारेचा नसून अब्रूचा असल्यामुळे, दर पाच टक्क्यांमागे एकेका साहेबाचा स्वर चढतच गेला.

तिसरे कलम मला फार प्रिय आहे. दोन टोकांचे पोर्ट आपापली कलमे एलएलडीपीच्या पाकिटात घालून, सहसा दर 30 सेकंदांनी, एकमेकांना कळवीत राहतात. विहिणी याद्या करायला बसाव्यात तसा हा मामला असतो. फरक इतकाच, की येथे प्रत्येकीच्या कपाळावर ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणणारा विलिंग नावाचा एक बिट असतो. सर्व्हरच्या कार्डाने तो एक ठेवावा, स्विचने शून्य, म्हणजे कार्ड स्विचचे निमूटपणे ऐकते. दोघांनीही शून्य ठेवून निरनिराळा हट्ट धरला, तर हिरवा दिवा लागतो, लिंक उभी राहते, सारे क्षेमकुशल दिसते. आणि रात्री बॅकअपची गर्दी उसळली की थांबवण्याचा करार झालेलाच नव्हता, हे टाकून दिलेल्या फ्रेमांवरून उघडकीस येते.

आणि दोघेही राजी असले तर? ‘तुम्ही सांगा’, ‘छे, तुम्हीच सांगा’ यात रात्र सरू नये म्हणून, थांबवण्याच्या कलमापुरती तोड शास्त्रकारांनी काढून ठेवली आहे: ज्याचा मॅक पत्ता आकड्याने लहान, त्याचा शब्द चालावा. हा नियम मी बैठकीत सांगितला, तेव्हा इतका वेळ टक्क्यांवरून हमरीतुमरीवर आलेले स्टोरेजचे साहेब एकाएकी शांत झाले, आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “मग टक्क्यांचे राहू द्या हो. आमच्या कार्डाचा पत्ता लहान आहे की त्यांच्या स्विचचा, तेवढे पाहून सांगता का?”