उपाशी यीस्ट

सोळा तास उपाशी राहणारा माणूस दाखला देतो तो थेट नोबेलचा. पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवतात, या शोधासाठी २०१६ साली योशिनोरी ओसुमींना ते मिळाले, हे खरेच. फक्त उपाशी ठेवले होते यीस्टला. आणि यीस्टला रात्री आठनंतर लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह कोणी करत नाही. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. उष्मांक सगळ्यांचे सारखेच कमी केले, तेव्हा घड्याळ लावून जेवणारे आणि न लावता जेवणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक दिसला नाही. पण हे आमच्या सोसायटीतल्या उपासकांना सांगायचे कधी? सकाळभर ते चिडलेले असतात, आणि बाराच्या ठोक्याला तोंडात साबुदाणा वडा.